मावळतीचे छायाचित्र

उल्हासनगराला लागून असलेल्या अंबरनाथ येथे, वालधुनी नदीच्या काठी, काळ्या पाषाणाचे एक प्राचीन शिवमंदिर उभे आहे. या मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहारकालीन शिलालेख आहे. मंदिराच्या भिंती देवदेवतांच्या मूर्तींनी व वेलबुट्टीने भरून गेल्या आहेत. हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. भाविकाला ही गोष्ट साधी वाटेल. परंतु सायंकाळी तेथे कॅमेरा घेऊन येणाऱ्याला तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

तो मंदिरासमोर उभा राहिला, तर मावळता सूर्य त्याच्या पाठीशी असतो. किरण सरळ प्रवेशद्वारावर पडतात आणि काळा दगड तांबूस सोनेरी दिसू लागतो. तो उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीकडे वळला, तर तेथे किरण तिरपे येतात. त्यामुळे प्रत्येक मूर्तीला सावली लाभते व कोरीवकामाला उठाव येतो. तो मंदिराच्या मागे, पूर्वेस गेला, तर मात्र सूर्य मंदिराआड जातो. आता आकाश उजळ आणि मंदिर काळे! मूर्ती, वेलबुट्टी, दगडांचे सांधे, सारे नाहीसे होते आणि उरते ती केवळ शिखराची बाह्यरेषा. अशा चित्राला छायाकृती म्हणतात.

डोळ्यांना मूर्ती दिसत असता कॅमेऱ्याला त्या का दिसू नयेत? मनुष्याचा डोळा उजेडाकडून काळोखाकडे वळताना क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र एकाच वेळी साऱ्या दृश्याचा एकच हिशेब करावा लागतो. आकाशाचा रंग राखायचा, तर प्रकाश थोडाच आत घ्यावा लागतो. तेवढ्या प्रकाशात मंदिर काळे पडते. मंदिर उजळायचे, तर आकाश पांढरेफटक होते. म्हणून छायाकृती हवी असेल, तर सूर्याच्या बाजूच्या आकाशावरून प्रकाशाचे माप घेतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पडद्यावरील आकाशाला बोट लावले, की बहुधा हेच माप घेतले जाते.

छायाकृतीत आकारच बोलतो. डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री बाजूने टिपली, तर तिची मान, तिचा हात, हंड्याची गोलाई, सर्व स्पष्ट ओळखू येते. तीच समोरून टिपली, तर चेहरा काळा होऊन चित्र मुके होते. चार माणसे एकमेकांना खेटून उभी राहिली, तर त्यांचा एकच काळा गोळा दिसतो. दोघांमध्ये आकाशाची एक फट राहिली, म्हणजे प्रत्येकजण वेगळा दिसतो.

यासाठी वेळही थोडाच मिळतो. हात लांब करून क्षितिज व सूर्य यांच्यामध्ये आडवी बोटे धरावीत. एका बोटाला सुमारे पाव तास, असा ढोबळ हिशेब आहे. सूर्याची कड क्षितिजाला टेकली, की दोन-अडीच मिनिटांत संपूर्ण बिंब दिसेनासे होते. त्या वेळी प्रकाशाला वातावरणातून फार लांबचा मार्ग कापावा लागतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा व नारिंगी तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो.

मात्र एक धोका कधीही विसरता कामा नये. भिंगातून थेट सूर्याकडे पाहिल्यास डोळ्यातील पडदा भाजतो. आणि त्या पडद्याला वेदना कळत नसल्यामुळे इजा होत असताना कळतही नाही. सुंदर चित्र पुन्हा मिळेल, दृष्टी पुन्हा मिळत नाही. म्हणून सूर्य झाडाआड, शिखराआड किंवा माणसाआड ठेवावा.

मुंबई सरकारने १८६८ मध्ये याच मंदिराची रेखाचित्रे, कोरीवकामाचे साचे व छायाचित्रे करवून घेतली. त्या काळी काचेवर रसायनाचा ओला लेप देऊन छायाचित्र घेत. त्या लेपावर निळ्या प्रकाशाचा परिणाम चटकन होई, तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. सायंकाळची लाली त्या कारागिरांच्या कामाची नव्हती. आणि त्यांना ती नकोही होती. दगड झिजतो, मूर्ती भंगतात. म्हणून मूर्तीचे बोट आणि बोट टिपून ठेवणे हे त्यांचे कर्तव्य होते.

एकच मंदिर, एकच सायंकाळ. परंतु समोरून घेतलेले चित्र शिल्पकाराचे श्रम जपते, तर मागून घेतलेले चित्र दिवस मावळतानाची शांतता सांगते. दोन्ही चित्रे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. कोणती गोष्ट सांगायची आणि ती सांगताना कोणती झाकली जाणार, याचा विचार करून मगच जो आपली जागा निवडतो, तोच खरा छायाचित्रकार होय.

स्वाध्याय

१. मंदिर पश्चिमाभिमुख असणे छायाचित्रकाराला महत्त्वाचे का वाटते?
२. कारणे द्या : (अ) छायाकृतीत मूर्ती दिसत नाहीत. (आ) मावळतीचे आकाश तांबडे दिसते.
३. ‘दोन्ही चित्रे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत’, या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. विग्रह करून समास ओळखा : देवदेवता, क्षणोक्षणी.
५. तुमच्या गावातील एखादी जुनी वास्तू सायंकाळी दोन बाजूंनी पाहा व दहा ओळी लिहा.