कंपवात आणि दीर्घकालीन औषधोपचार

स्वस्थ बसले असता हात थरथरणे, हालचाल मंदावणे आणि स्नायू ताठरणे ही कंपवाताची प्रमुख लक्षणे होत. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. मेंदूतील काही विशिष्ट पेशी हळूहळू नष्ट होतात व त्यांत तयार होणारे डोपामिन कमी पडते, हे या विकाराचे मूळ होय.

डोपामिन पोटात घेतले तरी ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. लेव्होडोपा मात्र पोहोचते आणि तेथे त्याचे डोपामिन बनते. खाजकुयली, जिला हिंदीत केवांच म्हणतात, तिच्या बियांत हे द्रव्य असते. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते त्यांतून वेगळे काढले. औषध म्हणून त्याचा प्रसार १९६० नंतरच्या दशकात झाला.

आरंभीची काही वर्षे या औषधाने रुग्णास पुष्कळ आराम पडतो. पुढे मात्र पुढील गोळीची वेळ होण्यापूर्वीच कंप व ताठरता परत येतात. कित्येकांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. असे का व्हावे? घरात रांजण असेल तर एकदा भरलेले पाणी दिवसभर पुरते. रांजण फुटला की नळ चालू असेल तेवढा वेळच पाणी. उरलेल्या पेशी हा तो रांजण होय. त्या घटल्या की डोपामिनचा साठा राहत नाही.

यावरून पुष्कळांचा समज होतो की, औषध लवकर घेतल्यास त्याचा गुण लवकर संपतो. म्हणून ते रुग्णाला त्रास सोसावयास लावतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घाना व इटली येथील रुग्णांची तुलना करण्यात आली. घानातील रुग्णांना औषध उशिरा मिळाले होते. तरीही हे उपद्रव रोगाच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाले. तात्पर्य, औषध झिजत नाही, रोग पुढे सरकतो. मात्रा फार मोठी असल्यास उपद्रव वाढतात, हेही खरे. औषधाने रोग थांबत नाही. परंतु चालते-बोलते दिवस वाढतात.

पीपलरावांसारख्या गावी मेंदूविकारतज्ज्ञ नित्य भेटत नाही. म्हणून घरातील आजोबा-आजींना असा विकार असल्यास आपण विद्यार्थ्यांनी गोळीची वेळ, गुण केव्हा आला व केव्हा ओसरला, हे वहीत टिपून ठेवावे. त्या नोंदींवरून डॉक्टरांना मात्रा ठरविणे सुलभ होते. गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. खाजकुयलीच्या बिया स्वतः कुटून देऊ नयेत. त्यांतील औषधाचे प्रमाण निश्चित नसते.