नव्या सरपंच पुतणीस

चि. ताई,

सरपंच झालीस, हारतुरे झाले. आता लोक पाण्याचं विचारतील. पाऊस लहरी झालाय, विहिरी लवकर तळ गाठतात, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. अशा वेळी जो तो तुझ्याकडे एकच मागणं घेऊन येईल : आणखी एक बोअर. हो म्हणणं सोपं आहे. पण त्या बोअरनं शेजारच्या विहिरी आटल्या, तर भांडण तुझ्याच दारात येईल.

हिवरे बाजारचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. १९८९मध्ये पोपटराव पवार तिथे सरपंच झाले, तेव्हा दुष्काळापायी माणसं गाव सोडून चालली होती. पुढे डोंगरउतारावर चर खोदले, बांध घातले, हे सगळेच सांगतात. पण असे चर कितीतरी गावांत खोदले गेले आणि बुजलेही. हिवरे बाजारनं मात्र पाण्याचा हिशेब ठेवला. पडलेला पाऊस मोजायचा, ग्रामसभेत ताळेबंद मांडायचा, आधी माणसं-जनावरांचं पाणी राखायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे गावानं बसून ठरवलं, म्हणून ते टिकलं. नुसत्या फर्मानाला कुणी जुमानत नाही.

दिवाळी झाली की एक कर. दोराला दगड बांधून गावातल्या विहिरींची पातळी मोज. सोबत विरोधी पॅनेलची दोन माणसं घे. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिही. दोन्ही बाजूंनी मिळून मोजलेल्या आकड्यावर राजकारण करणं अवघड जातं.

आणि ग्रामसभा खरी घे. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून चार टाळक्यांत ठराव उरकायचे, हे कायद्यात बसतं. पण असला ठराव गाव आपला मानत नाही. आधी महिलांची सभा घे. हंडे त्याच वाहतात. घरात किती पाणी लागतं आणि कुठला नळ कधी कोरडा पडतो, हे त्याच नेमकं सांगतील.

टीका होईल. चावडीवर वाद घालू नकोस. आक्षेप इतिवृत्तात नोंदव आणि पुढच्या सभेत कामानिशी उत्तर दे. पाच वर्षांनी आरक्षण बदलेल, खुर्चीही जाईल. तू पदावर नसतानाही पाणी मोजलं जाईल, एवढी सवय गावाला लावून जा.

तुझा,
काका