बर्डीचं मेट्रो स्टेशन आणि ब्लॉकचेन



2022 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे 65 हजार जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवायचं ठरलं. उद्देश हा, की दाखला बनावट असेल तर लगेच ओळखू यावा. दाखल्यासाठी पालकांची किती धावपळ होते ते आपण दर जूनमध्ये पाहतोच. पण ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून जपलेली एकच नोंदवही. मग एवढी गर्दी झाली की ती तुंबत नाही का?

तुंबते. जुन्या पद्धतीत व्यवहार एकामागे एक होतात. इथेरियमवर तर सेकंदाला साधारण पंधराच्या आसपासच व्हायचे.

आता सीताबर्डी इंटरचेंज आठवा. ऑरेंज आणि अॅक्वा या दोन मार्गिका तिथे एकमेकींना छेदतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवरून. त्यामुळे एकीची गाडी दुसरीसाठी थांबत नाही. एकाच रुळावरच्या दोन गाड्यांना मात्र मागेपुढेच जावं लागतं. समांतर प्रक्रिया म्हणजे नेमकं हेच.

वर्गात असं करून बघा. मीनाजवळ 2 रुपये आहेत. फळ्यावर तीन व्यवहार लिहा: राजूने मीनाला 5 दिले, सलीमने पायलला 3 दिले, मीनाने नेहाला 4 दिले. पहिला आणि दुसरा खुशाल एकाच वेळी होऊ द्या, त्यांच्यात कोणाचंच खातं सामाईक नाही. तिसरा तेव्हाच केला तर? मीनाकडे 2 च दिसतील आणि व्यवहार फसेल! पोरं हे बरोबर पकडतात, आपल्यालाच सांगायला वेळ लागतो.

यावर दोन उपाय आहेत. सोलाना या ब्लॉकचेनवर कोणती खाती लागणार ते व्यवहारातच आधी लिहावं लागतं, म्हणजे टक्कर आधीच कळते. दुसरा उपाय ब्लॉक-एसटीएम, 2022 मध्ये अॅप्टॉसच्या लोकांनी मांडलेला. पुढे पॉलिगॉननेही घेतला. यात सगळे व्यवहार एकदम करून टाकायचे, मग तपासायचं. ज्याने जुनी शिल्लक वाचली, तेवढाच पुन्हा करायचा. शेवटचा हिशोब एकामागे एक केल्यासारखाच यायला हवा, ही अट मात्र पक्की.

अन् सगळ्यांनाच मीनाशी व्यवहार करायचा असेल, तर कितीही संगणक लावा, रांग लागणारच. दाखल्यात मुळात चुकीची माहिती भरली असेल तर तीही तेवढ्याच वेगाने नोंदली जाईल, बरं का!

फळ्यावर आता चौथा व्यवहार लिहा: नेहाने सलीमला 1 रुपया दिला. तो कोणासाठी थांबेल, ते पोरांनाच विचारा.