मैदानापासून अँटवर्पपर्यंत

धावणे मनुष्यास कोणी शिकवावे लागत नाही. मूल चालू लागते आणि चालता आले की आपोआप धावू लागते. तथापि किती अंतर किती वेळात तोडले, हे कोणी मोजल्याखेरीज आपल्या अंगी किती बळ आहे, ते धावणाऱ्यालाही कळत नाही. हे मोजण्याचे आणि वाढविण्याचे काम क्रीडासंस्था करतात. पुण्यातील अशाच एका संस्थेच्या शर्यतींतून भारताला ऑलिंपिकची वाट सापडली.

ती संस्था म्हणजे १९०६ साली स्थापन झालेली डेक्कन जिमखाना. १९१९ साली तिचे अध्यक्षपद उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले. संस्थेचे मैदान लहान होते. धावपट्टी म्हणजे उंचसखल गवताळ जमीन. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा सरळ रेषेत घेणे कठीण. तीही वळणावरून घेण्याचे कार्यकर्त्यांनी योजिले होते. युरोपातील नियमांची कोणाला फारशी माहिती नव्हती. इतक्या अडचणी असूनही धावणारे जी वेळ नोंदवीत, ती पाहून दोराबजींना आश्चर्य वाटले.

या क्रीडामहोत्सवातील सर्वांत मोठी शर्यत होती मॅरेथॉन. ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावरील विजयाची वार्ता घेऊन एक ग्रीक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला, अशी आख्यायिका आहे. त्यावरून या दीर्घ शर्यतीस ते नाव पडले. पुण्यातील शर्यत सुमारे २५ मैलांची, म्हणजे ४० किलोमीटरांची होती. तीत भाग घेणारे बहुतेक शेतकऱ्यांचे तरुण मुलगे. ना पायांत बूट, ना पाठीशी शास्त्रशुद्ध शिक्षण. खडीच्या कठीण रस्त्यावरून ते अनवाणी धावले. पहिल्या तिघाचौघांना लागलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीचा आहे, असे दोराबजींना दिसून आले. मग हे तरुण ऑलिंपिकमध्ये का धावू नयेत, हा विचार दोराबजींच्या मनात पक्का झाला. त्यांनी प्रयत्न केले, स्वतः द्रव्यसाहाय्य केले आणि भारताला निमंत्रण मिळविले.

१९२० साली पुण्यात निवड-शर्यती झाल्या आणि सहा जणांचा संघ ठरला. मॅरेथॉनसाठी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले व साताऱ्याचे सदाशिव दातार निवडले गेले. कैकाडी व पुरमा बॅनर्जी हे दुसरे दोन धावपटू, तर रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्ल होते. समुद्रमार्गे इंग्लंड गाठून तेथे काही आठवडे सराव करून हा संघ बेल्जियममधील अँटवर्प शहरी पोहोचला.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन सुरू झाली. हवा थंड होती आणि पाऊस पडत होता. दख्खनच्या उन्हात वाढलेल्या धावपटूंना ही हवा सर्वस्वी नवी. अंतर होते ४२.७५ किलोमीटर; ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले मात्र अखेरपर्यंत धावले. त्यांना २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद लागले आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. याचा अर्थ असा की, दर किलोमीटर सुमारे चार मिनिटांत तोडण्याचा वेग त्यांनी जवळजवळ तीन तास टिकवून धरला.

एकोणिसाव्या क्रमांकाला पदक नसते. म्हणून हा प्रवास व्यर्थ म्हणावा काय? पहिल्या वीरात आणि चौगुल्यांत अंतर पडले ते अवघ्या अठरा मिनिटांचे. शिस्तबद्ध शिक्षण मिळाले तर आपले तरुण जगाच्या शर्यतीत मागे राहणार नाहीत, हे त्या घड्याळाने सिद्ध केले. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटाच झाले.

खेड्यातील पायांत बळ असते, हे महाराष्ट्राने पुढेही पाहिले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली ऑलिंपिकच्या अडथळा शर्यतीत अंतिम फेरीत धावल्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेले, तेथे त्यांना योग्य शिक्षण मिळाले आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले.

आज अनेक गावांत रविवारी पहाटे लहानथोर माणसे एकत्र जमून धावतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जेथे वैशाखाचे ऊन अंग भाजून काढते, तेथे धावण्यास पहाटेचीच वेळ उत्तम. एकट्याला अंथरूण सोडवत नाही; पण चौकात चार सोबती वाट पाहत असले म्हणजे पाय आपोआप दाराबाहेर पडतात. तेथे वेगवान पुढे जातो, दमलेला मागे राहतो आणि कोणीतरी त्याच्यासाठी थांबतो. त्या घोळक्यातील प्रत्येक जण ऑलिंपिकला जाणार नाही. परंतु जो जाईल, तो अशाच एखाद्या घोळक्यातून जाईल.

शब्दार्थ
आख्यायिका – परंपरेने चालत आलेली गोष्ट
मल्ल – कुस्तीगीर
द्रव्यसाहाय्य – पैशांची मदत

स्वाध्याय
१. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर कोणत्या अडचणी होत्या?
२. दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार कशामुळे पक्का झाला?
३. पदक न मिळूनही चौगुल्यांची धाव महत्त्वाची का ठरली?
४. ‘पाय आपोआप दाराबाहेर पडतात’ असे केव्हा होते?
५. उपक्रम : शिक्षकांच्या देखरेखीखाली एक किलोमीटर धावा व लागलेला वेळ वहीत लिहा. दोन महिने नियमित सराव करून पुन्हा वेळ मोजा आणि दोन्ही नोंदींची तुलना करा.