वाकडला जातेस, तर ऐक

धनजला तू एस.टी.तून उतरलीस की तू घरी पोचायच्या आत तुझ्या आईला, माझ्या काकूला, कळलेलं असतं, पोरगी आली. कुणाच्या दुकानातून, कुणाच्या ओसरीवरून ती बातमी तुझ्यापुढे चालत जाते. याचा तुला किती वैताग यायचा ते मला माहीत आहे, मलाही यायचा. आता तू हिंजवडीच्या नोकरीसाठी वाकडला राहायला निघालीस. तिथे दोन दिवस तापानं खोलीत पडून राहिलीस तरी समोरच्या दारामागे पत्ता लागणार नाही. तर ऐक वं बाई, मला तुला सांगायचं आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवतीचं आहे. आपण दिसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. गावात ही सोय जन्मानं मिळते. वाकडला ती आपल्या हातानं करावी लागते, आणि पहिल्या महिन्यातच करावी लागते.

घरापासून सुरू करू. फोनवर फोटो बघून अकरा महिन्यांचा करार करू नकोस. 'मी सैन्यात आहे, बदली झाली, फ्लॅट तसाच पडला आहे, टोकन पाठवा म्हणजे चावी ठेवतो' असं गोड बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते नव्या पोरींनाच गाठतात. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. पाठवला गेलाच, तर लाजत बसू नकोस. त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लाव. पहिला महिना-दोन महिने एखाद्या मुलींच्या पीजीत काढ. जेवण तिथंच मिळतं, आणि कुठला भाग आपल्या जिवाला मानवतो ते बघायला उसंत मिळते. डिपॉझिट कधी आणि किती कापून परत मिळणार, ते मात्र पीजीवाल्या काकूंकडून कागदावर लिहून घे.

ऑफिस नेमकं कुठल्या फेजमध्ये आहे ते आधी विचार. राजीव गांधी आयटी पार्क म्हणजे एक इमारत नाही; फेज एक हिंजवडीत आहे, तर फेज तीन पार माणच्या अंगाला. वाकडमधून मुंबई-बंगळूर महामार्ग जातो, आणि सकाळी सगळा लोंढा भूमकर चौक आणि वाकडच्या पुलाखालून पलीकडे जायला बघतो. नकाशावर चार किलोमीटर दिसतं म्हणून हुरळू नकोस. ज्या दिवशी घर बघायला जाशील तो कामाचा दिवस असू दे, आणि सकाळी नऊच्या सुमाराला तिथून ऑफिसपर्यंत स्वतः जाऊन बघ. पावसाळ्यात तर जाच. तिथे रस्त्यांवर पाणी साचलं की गाड्या हलत नाहीत, आणि नव्या नोकरीत रोज उशिराचं कारण सांगणं फार जड जातं.

रात्री नऊला पुन्हा एकदा जा. मोठ्या रस्त्यापासून सोसायटीच्या फाटकापर्यंतचं अंतर पायी चाल. दिवे आहेत का? एखादं मेडिकल, एखादं दूध-डेअरीचं दुकान उघडं असतं का? वॉचमन जागेवर असतो का? चकचकीत जिम आणि पोहण्याचा तलाव यापेक्षा मी त्या शेवटच्या दोनशे पावलांना जास्त मार्क देते. रस्ता सुना वाटला, तर भाडं दोन हजारांनी कमी असलं तरी ते घर सोडून दे. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण पैसे वाचवायच्या नादात आपल्याकडच्या पोरी नेमकं इथंच तडजोड करतात.

पाण्याचं विचार. वाकडला पाणी पुरवणाऱ्या पिंपरी-चिंचवड महापालिकेनं नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली, आणि बऱ्याच नव्या सोसायट्या टँकरवर चालतात. टँकरचा खर्च देखभालीत आहे की वेगळा पडतो, हे घरमालकाला तोंडावर विचार. पाणी जपून वापरणं तुला नवीन नाही. वाशिम जिल्ह्यातल्या पोरीला ते कुणी शिकवायला नको. पण प्यायचं पाणी उकळ किंवा चांगला फिल्टर लाव. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली होती, तिचा संबंध दूषित पाण्याशी निघाला होता. रोज बाहेर खाणाऱ्या एकट्या माणसानं हे विसरू नये.

आता करार. इथे भिडस्तपणा अजिबात नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कायदा तुझ्या बाजूला उभा आहे. तरी त्या भरवशावर राहू नकोस, नोंदणीच कर. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये आणि मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं. आधार आणि अंगठा देऊन घरबसल्या काम होतं. दलाल 'नुसती नोटरी पुरते' म्हणाला तर हसून 'नाही दादा, नोंदणीच हवी' म्हण. सही करायच्या आधी तीन ठिकाणी बोट ठेवून वाच: घर सोडायची नोटीस किती महिन्यांची, मध्येच सोडलं तर काय कापणार, रंगकामाचे पैसे कोण देणार. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, पंखे, गिझर यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेव. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते, तीही झाली का ते बघ. काही जणींना पोलीस म्हटलं की कसंतरी होतं, पण तू इथे राहतेस याची कुठेतरी नोंद आहे, ही चांगलीच गोष्ट आहे.

काही सोसायट्या 'बॅचलर चालणार नाहीत' म्हणतील. काही ठिकाणी तुला असे प्रश्न विचारतील की राग येईल: लग्न कधी, भाऊ कुठे, रात्री किती वाजता येतेस. खोटं बोलून घर घेऊ नकोस. खोट्यावर घेतलेल्या घरात रोज चोरासारखं वावरावं लागतं. जिथे सरळ वागवतात तिथेच राहा, अशी घरं मिळतात, थोडी पायपीट होते एवढंच. एक मात्र आधीच ठरवून घे, आई-बाबा आले तर किती दिवस राहू शकतील. काका कधीतरी तूरडाळीची पिशवी घेऊन येतीलच, आणि फाटकावर त्यांना अडवलं तर तुझ्या डोळ्यांत पाणी येईल.

स्वयंपाकाचं सोपं ठेव. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. घरून ज्वारीचं पीठ, तिखट, डाळ घेऊन जा. तिथली आमटी पहिल्यांदा गोड लागेल. आठवड्यातून दोनदा आपला ठेचा-भाकर करून खाल्लास की मन ताळ्यावर राहतं. बाकीचे दिवस पोळीभाजी केंद्र शोध. तिथली मावशी हीच तुझी पहिली ओळख असू दे. रोज एकाच दुकानातून दूध घे, एकाच भाजीवाल्या काकूंकडून भाजी घे, ॲपवर दहा रुपये वाचत असले तरी. चार दिवस दिसली नाहीस की त्या विचारतील, 'अगं, होतीस कुठे?' मी म्हणते ती सोय हीच.

आणि वाकड हे नुसतं उपनगर समजू नकोस. ते गाव होतं, अजूनही आहे. म्हातोबाचं देऊळ आहे, आणि चैत्रात हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची यात्रा भरते, बगाडाची मिरवणूक निघते. काचेच्या इमारतींतून आयकार्ड गळ्यात घालून येणारी हजारो माणसं बाजूनं जातात आणि त्यांना हे ठाऊक नसतं. तू मात्र बघायला जा. कस्पटे वस्ती, भूमकर चौक ही नावं ज्या घराण्यांची, ती घरं आजही तिथेच नांदताहेत. तू गावातून आलीस, तुला गावाची रीत कळते: देवळापाशी वाकायचं, आजीबाईंना नमस्कार करायचा, 'कुठली गं तू?' म्हटलं की गावाचं नाव घ्यायचं. 'कारंजा लाडजवळचं धनज' सांगितलंस की बरेचदा समोरून 'म्हणजे नृसिंह सरस्वतींचं कारंजा?' असं येतं आणि बोलणं सुरू होतं. शहरातल्या चांगल्या घरात वाढलेल्या मुलीला हे अवघड जातं. तुझ्याकडे ते आहे, ते झाकून ठेवू नकोस.

तुझ्या बोलण्यावर कुणी हसेल. 'करून राहिली', 'काहून' ऐकलं की ऑफिसात एखादा नक्कल करेल. पहिल्यांदा हस, दुसऱ्यांदा शांतपणे सांग की हे मला आवडत नाही. आपली बोली बदलू नकोस. मीटिंगमध्ये काम नीट मांडता आलं की बोलीचं कुणी नाव काढत नाही, आणि काढलं तर तो त्याचा कोतेपणा.

विदर्भातली पोरं-पोरी तिथे पुष्कळ भेटतील. अमरावती, अकोला, यवतमाळ ऐकलं की जीव हरखतो. ओळख कर, सण एकत्र करा. पण 'आपल्याकडचा' एवढ्यावरून पैसे उसने देऊ नकोस, कागदावर जामीन राहू नकोस, आणि रात्री उशिरा कुणाच्या गाडीवर बसू नकोस. माणूस चार-सहा महिने वागताना बघ, मग जवळ कर.

रात्रपाळीचं नीट समजून घे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईकडून काम घ्यायचं तर तिची संमती लागते, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची व्यवस्था मालकानं करावी लागते. दारापर्यंत, चौकापर्यंत नाही. ड्रायव्हरदादा 'मॅडम, इथूनच वळवतो' म्हणाले तरी उतरू नकोस. संकोच वाटेल, वाटू दे. ऑफिसात कुणी वावगं वागलं, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्यावर कोण कोण आहे ते रुजू होतानाच बघून ठेव. गरज पडली तर त्या वेळी शोधाशोध नको. फोनमध्ये ११२ हा आणीबाणीचा आणि १८१ हा महिला मदतीचा नंबर वर ठेव. आणि पिंपरीचं वायसीएम रुग्णालय कुठे आहे ते माहीत करून घे; महापालिकेचं आहे, मध्यरात्री खिशात पैसे नसले तरी तिथे जाता येतं.

पगाराबद्दल थोडक्यात. व्यवसाय कराची कपात बघ: महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला महाराष्ट्रात तो माफ आहे, त्यावर दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर जन्मभर एकच असतो, नोकरी बदललीस तरी दुसरा काढू नकोस. घरी पैसे पाठव, पाठवायलाच हवेत. काकांनी सोयाबीनच्या पैशातून तुझी फी भरली आहे. पण पहिल्याच पगारात भावाच्या मोटरसायकलचा हप्ता अंगावर घेऊ नकोस. आधी तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण बाजूला पडू दे. तोवर कुणी रागावलं तर माझं नाव सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

रविवारी फार एकटं वाटेल. आठवडाभर काम असतं, रविवारी दुपारी कपडे वाळत घातले की एकदम पोकळी येते. रडू आलं तर रड, त्यात काही कमीपणा नाही. पण सलग तीन-चार रविवार खोलीतच गेले, जेवण टळायला लागलं, झोप उडाली, तर मला सांग. आईला रोज 'सगळं छान आहे' म्हणतेस म्हणून मलाही तेच सांगायचं नाही. काकूला काळजी नको म्हणून तू लपवशील हे मी ओळखून आहे. मग एका माणसाला तरी खरं कळलं पाहिजे. माझा फोन रात्री दोनलाही वाजू दे. आणि खोलीतल्या मैत्रिणीला माझा नंबर, तिच्या घरचा नंबर तुझ्याकडे, असं पहिल्याच आठवड्यात करून टाका. बाहेरगावी निघालीस, उशीर होणार असला, की तिला एक मेसेज. ती तुझी पहारेकरी नाही, तू तिची नाहीस, पण दोघी एकमेकींची खबर ठेवा.

राहिलं गावी येणं. महिन्या-दोन महिन्यांनी ये, पहिल्या वर्षी तरी. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घे; शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला गेलेला आहे, जुन्या जागी जाऊ नकोस. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले वाट्टेल ते मागतात. सरकारनं २०१८ मध्ये ठरवून दिलंय, एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही. भांडायची तयारी असेल तर हे लक्षात ठेव. त्यापेक्षा रेल्वे बरी, महाराष्ट्र एक्सप्रेसनं मूर्तिजापूरला उतर नाहीतर बडनेऱ्याला, काका घ्यायला येतील. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. निघायच्या तारखेपासून मागे साठ दिवस मोज, फोनमध्ये गजर लाव, आणि धनतेरसच्या आदल्या रात्रीचं तिकीट काढ. परतीचंही तसंच, त्या तारखेच्या साठ दिवस आधी काढायचं, भाऊबीज झाल्यावरचं.