जितक्या टोचण्या, तितकं बिल

अमेरिकेत नव्याने आलेल्या घरात मुलाने काजूची बर्फी खाल्ली आणि अंगावर गांधी उठल्या, की दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न येतो तो अ‍ॅलर्जीच्या टेस्टला किती पैसे पडतील हा. पुण्याला किंवा नाशिकला लॅबच्या काउंटरवर विचारलं की आकडा कळतो, पैसे भरायचे, पावती घ्यायची. इथे क्लिनिकला फोन केला तर "तुमच्या इन्शुरन्सवर अवलंबून आहे" एवढंच सांगतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबं नवीन आलेल्यांना जे सांगतात, त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट इन्शुरन्सच्याही आधीची आहे: खर्च ठरतो तो किती पदार्थ तपासले यावर, आणि ती यादी आखूड करणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं.

बिलाची रचनाच तशी आहे. त्वचेवर थेंब टाकून टोचतात त्या स्किन प्रिक टेस्टचा कोड 95004, आणि तो प्रत्येक टोचणीला एकदा मोजला जातो. रक्तातल्या आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) तपासणीचा कोड 86003, तोही प्रत्येक पदार्थाला वेगळा. समजा एका टोचणीचा दर 10 डॉलर आहे. दूध, काजू, शेंगदाणे असे सहा पदार्थ तपासले तर 60 डॉलर होतात, आणि साठ पदार्थांचं पॅनेल लावलं तर 600. डॉक्टरांची फी निराळी, रक्त बाहेरच्या लॅबला गेलं तर लॅबचं बिल निराळं, आणि क्लिनिक हॉस्पिटलच्या मालकीचं असेल तर बऱ्याचदा वर फॅसिलिटी फी. मोजणी कुठवर जाऊ शकते याचं एक गाजलेलं उदाहरण 2018 सालचं आहे. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात 119 घटकांची पॅच टेस्ट झाली आणि बिल आलं 48,329 डॉलरचं. इन्शुरन्स असूनही रुग्णाकडे तीन हजारांहून जास्त डॉलर मागितले गेले. ती तपासणी खाण्याच्या अ‍ॅलर्जीची नव्हती, पण दर घटकामागे मोजायची रीत हीच.

"इन्शुरन्स आहे ना, मग काळजी कशाला?" हा समज इथेच महाग पडतो. वार्षिक तपासणी आणि लसी बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतात, म्हणून हेही फुकट असेल असं वाटतं. अ‍ॅलर्जीची टेस्ट मात्र निदानात मोडते, प्रतिबंधात नाही. म्हणजे आधी डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी दर वर्षी स्वतः भरायची रक्कम) भरायचं, मग को-इन्शुरन्स, म्हणजे त्यापुढच्या बिलातला आपला वाटा. कमी प्रीमियमचा म्हणून हाय-डिडक्टिबल प्लॅन निवडला असेल, तर 2025 च्या नियमांनुसार कुटुंबाचं डिडक्टिबल किमान 3,300 डॉलर होतं. जानेवारीत केलेल्या टेस्टचा जवळजवळ सगळा भार अशा वेळी तुमच्याच खिशावर पडतो. एचएसए (वैद्यकीय खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असेल तर त्यातून भरता येतो, इतकाच दिलासा.

यावर आई-वडिलांचा आक्षेप स्वाभाविक आहे. मुलाच्या जिवाचा प्रश्न असताना टोचण्या कसल्या मोजायच्या, एकदाच सगळं तपासून मोकळं व्हावं. पैसा बाजूला ठेवला तरी हा विचार टिकत नाही, कारण ही टेस्ट अ‍ॅलर्जी दाखवत नाही, शरीराची संवेदनशीलता दाखवते. पॉझिटिव्ह आलेल्या निकालांपैकी निम्म्याच्या आसपास निकालांत तो पदार्थ प्रत्यक्ष खाल्ल्यावर काहीच होत नाही. म्हणून अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच सांगितलं की लक्षणांचा इतिहास न पाहता सरसकट आयजीई टेस्ट लावू नयेत. जो पदार्थ मूल रोज खातं आणि ज्याने काही होत नाही, तो तपासलाच तर मिळतो तो बहुधा घोळ. शाकाहारी घरात असा निकाल पाहून दूध, शेंगदाणे, डाळी एकदम बंद केल्या तर प्रथिनं आणायची कुठून? शिवाय टाळण्याचाही तोटा असतो. लंडनमध्ये 640 बाळांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणे सुरू केल्यावर त्यांच्यातली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली.

दुसरा सल्ला मिळतो तो घरी मागवायच्या आयजीजी किटचा: दोनएकशे पदार्थ, एकच किंमत. ती स्वस्ताई फसवी आहे. आयजीजी हे आयजीईहून वेगळं प्रतिपिंड बहुधा तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच सांगतं, अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी ते ग्राह्य नाही. भारतात गेल्यावर टेस्ट करून घेण्याचा पर्याय जास्त विचार करण्यासारखा आहे, कारण तिथला दर खरंच कमी असतो. पण शाळेला आपत्कालीन योजनेवर इथल्या डॉक्टरांची सही लागते आणि ते त्यासाठी पुन्हा तपासणी सांगू शकतात. मग बचत उरत नाही.

म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी दोन-तीन आठवडे वही ठेवा: काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, आधी तोच पदार्थ पचला होता का. ही वही दाखवली की डॉक्टरांची यादी आपोआप लहान होते. आपल्या स्वयंपाकातले पदार्थ नावानिशी सांगा, कारण ठरलेल्या पॅनेलमध्ये बेसन, मोहरी असतीलच असं नाही. तीळसुद्धा इथल्या लेबलांवर सक्तीने लिहायच्या यादीत 2023 पासूनच आला. फोनवर "किती पडेल" असं न विचारता "95004 किती युनिट लावणार, लॅब इन-नेटवर्क आहे का, फॅसिलिटी फी आहे का" असं विचारा आणि तेच कोड घेऊन इन्शुरन्सला फोन करा. इन्शुरन्स नसेल, जसा भेटीला आलेल्या आजी-आजोबांचा अनेकदा नसतो, तर लेखी अंदाजपत्रक मागा. 2022 पासून तो कायद्याने हक्क आहे, आणि बिल अंदाजापेक्षा 400 डॉलर किंवा जास्त वाढलं तर 120 दिवसांत तक्रार करता येते. स्किन टेस्टच्या आधी अ‍ॅलर्जीची कोणती गोळी किती दिवस बंद ठेवायची हेही आधीच विचारून घ्या. सेट्रिझिनसारखी गोळी चालू असेल तर टेस्ट होत नाही आणि दुसऱ्या फेरीचा खर्च वाढतो.

यातलं काहीच श्वास अडकला, ओठ-जीभ सुजली, मूल निपचित पडलं तर लागू नाही. तेव्हा इपिनेफ्रिनचं इंजेक्शन हाताशी असेल तर आधी ते द्यायचं आणि 911 ला फोन करायचा. बिलाचं नंतर बघता येतं. आणीबाणी नसताना मात्र एक खर्च आधी आखता येतो: निदान पक्कं करायला डॉक्टर आपल्या देखरेखीखाली पदार्थ थोडा थोडा खायला घालून पाहतात, त्या फूड चॅलेंजला कित्येक तास लागतात आणि त्याचं बिलही लागलेल्या वेळेच्या हिशोबाने होतं. डिडक्टिबल त्या वर्षी भरून झालं असेल, तर डॉक्टरांना विचारून ते डिसेंबरच्या आत उरकून घ्यावं.