म्हशीचा 'मेडिक्लेम' मिळतो का? विमा घेण्याआधी हे समजून घ्या

दूध धंद्यावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, म्हशीचा मेडिक्लेम मिळतो का?"

आपल्याकडे जनावरांचा म्हणून जो विमा मिळतो, तो मुख्यतः मृत्यूचा विमा असतो. आजार, अपघात, वीज किंवा पुरात जनावर दगावलं तर पैसे मिळतात. डॉक्टरांची फी, सलाईन, औषधं यांचं बिल सहसा मिळत नाही. म्हणून हिशोबाच्या वहीत दोन कप्पे करा.

कप्पा पहिला : विमा

समजा म्हैस ८०,००० रुपयांची आहे आणि हप्ता ४ टक्के धरला, तर वर्षाला ३,२०० रुपये होतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२४ च्या सुधारणेनुसार पशुपालकाचा वाटा १५ टक्के, म्हणजे फक्त ४८० रुपये. योजना आपल्या तालुक्यात सुरू आहे का, ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

सही करण्याआधी एजंटला हे चार प्रश्न विचाराच :

१. पॉलिसी सुरू झाल्यावर किती दिवसांतला आजार धरत नाहीत? बऱ्याच पॉलिसींत हे १५ दिवस असतात.
२. म्हैस जिवंत आहे, पण कायमची दुधातून गेली, तर पैसे मिळतात का? बहुतेक वेळा याला जादा हप्ता लागतो.
३. चोरी झाली तर? बऱ्याच पॉलिसींत चोरी बसत नाही.
४. कर्जावर घेतलेली म्हैस असेल, तर भरपाई आधी बँकेत जाणार का? पॉलिसीची प्रत स्वतःकडेही ठेवा.

किंमत फुगवून लावू नका. भरपाई देताना त्या वेळची बाजारभावाची किंमत बघतात. जास्तीचा हप्ता मात्र तुमच्याच खिशातून जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कानातला बिल्ला. बिल्ला नाही तर क्लेम नाही! तो पडला तर लगेच कंपनीला कळवा, नवा मारून घ्या आणि नवा नंबर पॉलिसीवर चढवा. जनावर दगावलं तर पुरण्याआधी कंपनीला कळवून डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या.

कप्पा दुसरा : उपचार

कासदाह, पोटफुगी हे दुखणं कधीही दारात येतं. लिटरमागे १ रुपया बाजूला काढा. दोन म्हशींचं दिवसाला १६ लिटर दूध आणि ३०० दिवस धरले, तर ४,८०० रुपये जमतात. हे पैसे चाऱ्याला वापरायचे नाहीत, पाहुण्यारावळ्यालाही नाहीत. नाहीतर ऐन वेळी डॉक्टरला बोलवायला उशीर होतो आणि कास कायमची जाते.

आजचा गृहपाठ : गोठ्यात जा, प्रत्येक बिल्ल्याचा नंबर पॉलिसीशी ताडून बघा. एक आकडा जरी चुकला असेल, तर उद्याच दुरुस्त करून घ्या.